चिंगीच्या लग्नाचं गोणपाट

आमच्या धंद्यात गोणपाट दिसलं की अब्रू गेली. म्हणजे ते असतं, नाही असं नाही. आम्ही सोफे बांधतो, जुन्या खुर्च्यांच्या बैठकी भरून देतो. सोफ्याच्या पोटात आधी पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, मग काथ्या, मग कापूस, आणि सगळ्यात वर ते कापड, जे बघून लोक 'वा' म्हणतात. गोणपाटानं स्प्रिंगा आवरून धरायच्या आणि गप्प राहायचं. एखादं खवचट गिऱ्हाईक सोफा उलटा करून बघतं, म्हणून आमचे हे खालून काळं कापडसुद्धा मारतात. मी विचारायचे, "अहो, सोफ्याखाली कोण डोकावतंय?" तर म्हणायचे, "मी डोकावतो ना."

असा माणूस. आणि त्याच्याच पोटच्या पोरीनं येऊन सांगितलं की माझं लग्न गोणपाटात करायचं.

पण आधी मखमलीचं सांगते, नाहीतर माझा संताप कशासाठी ते तुम्हाला कळायचं नाही. चिंगी रांगत होती तेव्हा ह्यांनी एक मखमल आणली. गर्द लाल. एका बाजूनं हात फिरवला की उजळ दिसायची, उलट्या बाजूनं फिरवला की काळपट. कुणाच्या कामातून उरलेली नव्हे हं, स्वतः दुकानं पालथी घालून निवडलेली. "हिच्या लग्नात हिला ह्याच्यावर बसवणार," म्हणाले. नवरीबाई तेव्हा स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत बसल्या होत्या. तेव्हापासून ती मखमल लोखंडी ट्रंकेत. दरवर्षी बाहेर काढायची, झटकायची, सावलीत पसरायची आणि घडी बदलून परत ठेवायची, म्हणजे एकाच जागी मोड पडत नाही. मी एकदा उशीच्या अभ्र्यांसाठी चार हात मागितली, तर माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत.

माणसाला दुसरी हौस म्हणून नाही. ना फिरायची, ना खायची. तो सोफा कसा होणार ते मात्र सगळं ठरलेलं. पाठ उंच, बटणं खोल, हातांना गोल वळण. जेवताना सुरू व्हायचे आणि मी भाजी वाढत वाढत हो हो करायचे. सांगायचं काय, तर ह्यांच्या लेखी पोरीचं लग्न म्हणजे ती त्या मखमलीवर बसणार तो दिवस. बाकीचं जेवणखाण, पाहुणेरावळे, ते आपलं सोबतीला.

तर एक दिवस चिंगी फोन नाचवत दुकानात आली. मागून होणारा जावई. मुलगा चांगला आहे, उंच आहे, कमी बोलतो, आणि चिंगी ज्याला हो म्हणणार त्याला आधीच हो म्हणून मोकळा होतो. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

"आई, बाबा, आमची थीम ठरली!"

"काय ठरली?"

"थीम. म्हणजे लग्नात सगळं एकाच पद्धतीचं दिसायला हवं. आम्ही गोणपाट घेतलंय."

मला वाटलं, सामान बांधायला घेतलंय. मी म्हटलं, बरं केलंस, भांडी फुटत नाहीत. तेव्हा तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. गोणपाटाच्या पताका, टेबलांवर गोणपाटाच्या पट्ट्या, काचेच्या बरण्यांना गोणपाटाचे कंबरपट्टे, खुर्च्यांच्या पाठीला गोणपाटाच्या गाठी, आणि एका नवरीच्या हातात चक्क गोणपाटाची फुलं. आणि ती बया हसत होती.

"अगं, ह्याच्यात लोक बटाटे भरतात," मी म्हटलं.

"आई, आता सगळीकडे हेच चालतं."

"चालू दे की सगळीकडे. आपल्याकडे कशाला?"

ह्यांच्या तोंडात तेव्हा खिळे होते. सोफेवाल्यांची ती पद्धतच असते. बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेनं एकेक पुढं सरकवायचा, चिमटीत घ्यायचा आणि ठोकायचा. त्या वेळी ह्यांच्या तोंडून 'हं' सोडून काही निघत नाही, आणि चिंगीला हे लहानपणापासून पक्कं ठाऊक. खाऊ, सहल, मांजरीचं पिल्लू, सगळ्याच्या परवानग्या तिनं खिळ्यांच्या वेळीच काढलेल्या.

"पताका चालतील ना, बाबा?"

"हं."

"सगळं तुम्ही आणि आईनंच करायचं. विकतचं काही नको. चालेल ना?"

"हं."

"आणि आम्ही बसायचा सोफापण गोणपाटाचाच हं, बाबा. सगळं गोणपाट आणि मध्येच मखमल, ते विचित्र दिसेल."

ह्यांनी खिळे तळहातावर काढले. पोरीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. "बरं," म्हणाले. आणि मग हातोडी कुठं ठेवली म्हणून शोधायला लागले. हातोडी त्यांच्या दुसऱ्या हातात होती.

पोरं गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "बरं काय बरं? सांगा ना तिला!"

"काय सांगू?"

"की इतकी वर्षं ट्रंकेत काय जपून ठेवलंय ते!"

"तिला माहीत आहे."

"माहीत असून असं म्हणाली? येऊ दे परत, बघतेच."

"तू काही बघायचं नाहीस. तिचं लग्न आहे. आपल्या दुकानाचं गिऱ्हाईक समज. गिऱ्हाईक म्हणेल ते कापड."

असं म्हणाले खरं, पण मग ट्रंकेवर जाऊन बसले आणि चहा हातातच थंड केला. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेली भांडी परत घासली.

गोणपाट आलं. नवं कोरं, दोन मोठ्या गुंडाळ्या. त्याला सरळ कापायचं तर एक धागा ओढून काढायचा, जी रेघ पडते तिच्यावरून कात्री चालवायची. हे मी जन्मभर करत आले. पण जन्मभर ते सोफ्याच्या पोटात जात होतं, कडा सुटल्या काय आणि नाही काय. आता त्याच कडा पाहुण्यांच्या नाकासमोर येणार. हात लावला की धागे सुटायचे. तंतू माझ्या केसांत, तंतू ह्यांच्या मिशीत, तंतू चहात, तंतू अंथरुणात. दिवसभर दोघं शिंकत होतो. एक गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "आजारी आहात वाटतं, नंतर येतो." आणि गेलं ते गेलंच.

मग फुलं. चिंगीनं शिकवलं, पट्टी गुंडाळत जायची, मधूनमधून पिरगळायची, मागून टाका घालायचा. माझी फुलं बरी जमली, माझ्याच तोंडानं सांगते. ह्यांनी मात्र फूल करायला दाभण घेतलं. दुहेरी सुतळी, वर तीनदा गाठ.

"अहो, फूल आहे ते. पायपुसणं नाही."

"ओढून बघ."

"फूल कोण ओढतंय?"

"लग्नात पोरंटोरं येतात," म्हणाले, आणि पुढचं घेतलं. संध्याकाळपर्यंत टेबलावर कोबीचे गड्डे मांडल्यासारखं दिसायला लागलं. चिंगी म्हणाली, "रांगडी आहेत. गोड आहेत." बापाची चमची.

आणि मग तो खुर्च्यांच्या पट्ट्यांचा दिवस. आमच्याकडून जे झालं ते सोफेवाल्यांशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. चिंगी गोणपाट देऊन गेली, एक मऊ पांढरटसं कापड देऊन गेली, लेस देऊन गेली. सांगितलं काय, तर गोणपाटाला हे मऊ कापड लावा आणि कडेला लेस. इतकंच. ह्यांनी कापायला घेतलं, मी मशीनवर बसले. आमचं काम सुरू झालं की बोलावं लागत नाही. ह्यांचा हात पुढं येतो, माझा हात घेतो. दुपारभर मशीन खडखडत होतं. ढीग लागला. इतकी सुबक शिलाई, मला स्वतःचाच अभिमान वाटला.

चिंगी आणि जावई आले. चिंगीनं एक पट्टी उचलली, दुसरी उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"बाबा, सुंदरच झालंय. पण गोणपाट कुठंय?"

"आत," हे म्हणाले. छाती पुढं काढून.

"आत?"

"मग? बाहेर ठेवू? चारी बाजूंनी कापड मुडपलंय. एक तंतू दिसणार नाही. ओढून बघ."

मी पट्टी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. अख्ख्या लग्नाचं गोणपाट आम्ही दोघांनी मिळून झाकून टाकलं होतं. हातांना सांगायला विसरलो होतो ना! हातांना एकच ठाऊक, गोणपाट दिसलं की त्याच्यावर कापड ओढा.

जावयानं पट्टी उजेडात धरून बघितली. "सांगितलं नाही तर कुणाला कळणारच नाही आत काय आहे ते," म्हणाला.

"तेच तर!" हे खूश झाले. त्यांना ती शाबासकी वाटली.

चिंगी हसत हसत खालीच बसली. मग मला हसू फुटलं, मग जावयाला. हे तेवढे गंभीर. "म्हणजे काय," म्हणाले, "उलटं करायचं?"

"हो, बाबा. सगळं उलटं."

चौघं उसवायला बसलो. शिवण्यापेक्षा उसवणं वाईट, त्यात माझे टाके बारीक. थोड्या वेळानं हे मान खाली घालूनच म्हणाले, "चिंगे, खरं सांग. तुला हे का आवडतं गं? फोनमध्ये बघून?"

"फोनमध्ये नंतर बघितलं," ती म्हणाली. "बाबा, शाळेतून आले की मी आधी दुकानात यायचे. तुमच्या शर्टाला ह्याचाच वास यायचा. मला किनई त्या दिवशी एवढ्या लोकांसमोर बसायची भीती वाटते. सगळे मलाच बघणार. हा वास असला की नाही वाटणार."

ह्यांची कात्री भराभर चालायला लागली.

"तेलाचा असतो तो वास," हे म्हणाले. "तागाला लावतात, विणायच्या आधी."

"आणि माझ्या अंगाला कसला वास यायचा?" मी विचारलं.

"कांद्याचा," चिंगी म्हणाली.

घ्या. नऊ महिने मी वाहिली आणि माझ्या वाट्याला कांदा.

त्या दिवसापासून ह्यांचा गोणपाटावरचा राग गेला. मन लावून पताका कापायला लागले, बरण्यांना पट्टे बांधायला लागले. मखमलीचं दुःख मात्र जागच्या जागी होतं. जाता-येता ट्रंकेवर हात टेकवायचे, कुणी बघत नाही असं समजून. मी बघायचे. पोरीला सांगायची सोय नाही, ह्यांना समजवायची सोय नाही, मधल्या मध्ये माझा जीव जात होता.

अशात विहीणबाई आल्या. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांच्या घरात सगळं चकचकीत, आणि आपल्याकडे आल्या की त्या खुर्ची झटकून बसतात. काळे रेशमी कपडे घालून आल्या आणि बसल्या नेमक्या कापायच्या टेबलाजवळच्या बाकावर. पताका बघितल्या, फुलं बघितली, ह्यांच्या कोबीपाशी जरा थबकल्या.

"मुलांची हौस आहे, ठीक आहे," म्हणाल्या. "पण मी काय म्हणते, आमच्याकडचे लोक येणार. त्यांना वाटायचं, गोदामात जेवायला बोलावलंय."

आता हेच वाक्य, अगदी गोदामासकट, मी त्याच सकाळी ह्यांना ऐकवलं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"विहीणबाई," मी म्हटलं, "गोणपाट म्हणजे ऐरंगैरं कापड वाटलं का तुम्हाला? गोणपाट श्वास घेतं. मोठमोठ्या घरांतल्या सोफ्यांचा जीव गोणपाटात असतो. ते काढलं तर बसणारा थेट स्प्रिंगांत जाईल. तुमच्या दिवाणखान्यातला तो पांढरा सोफा आहे ना, त्याच्याही पोटात हेच आहे. मखमल काय, रेशीम काय, वरवरचं सगळं. धरून ठेवतं ते गोणपाट!"

ह्यांनी एक खिळा गिळता गिळता वाचवला. विहीणबाई म्हणाल्या, "असं होय," आणि उठल्या. जायला वळल्या तर काळ्या रेशमावर पाठीमागून खालपर्यंत तंतूच तंतू. मी काही बोलले नाही. माणसानं कधी गप्प बसावं ते मला कळतं.

"तुला आवडायला लागलं की काय गोणपाट?" त्या गेल्यावर ह्यांनी विचारलं.

"छे! पण नावं ठेवायची तर आपण ठेवू. ही कोण?"

हे हसले. मी जे तावातावानं बोलून गेले ते त्यांनी मनावर घेतलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी मी दुकानात गेले तर ट्रंक उघडी आणि मखमल टेबलावर. सोफ्याचा सांगाडा, स्प्रिंगा, काथ्या, कापूस, सगळं झालेलं होतं. वरचं कापड तेवढं राहिलं होतं.

मी म्हटलं, "अहो, नका ना. पोरगी रागावेल. लग्नाच्या तोंडावर नको."

"वर नाही लावत."

"मग?"

"सगळं उलटं करायचं ठरलंय ना?" म्हणाले. डोळे असे चमकत होते की बास. "जिथं कापड असतं तिथं गोणपाट. मग जिथं गोणपाट असतं, तिथं काय?"

"खुळे झालात का? मखमल आत? कोण बघणार ती?"

"बघायची कशाला? बसायचंय. ती बसणार माझ्या मखमलीवर. आणि तिला हवं ते गोणपाट वर. दोघांचं झालं."

मी म्हटलं, करा काय करायचं ते. आणि सुई घेऊन शेजारी बसले. दुसरं काय करणार?

मला वाटलं, आत जायची आहे तर नुसती ताणून ठोकतील. कुठलं! चुण्या मोजून मापून. हातांना गोल वळण. पाठीला बटणं, एकेक मखमलीत मढवलेलं.

"बटणं तरी कशाला? वरून सपाटच दिसणार."

"बटणं नाहीत तर तो सोफा नाही," म्हणाले.

हल्ली थोडं काम केलं की ह्यांना धाप लागते. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणून सांगून थकले. मधूनमधून भिंतीला टेकून बसायचे, पाणी प्यायचे, परत उठायचे. मी ओरडले की म्हणायचे, एवढा एक होऊ दे. काही दिवस दुसरं काम घेतलंच नाही. आणि झाला बाई तो सोफा. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. इतकं देखणं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मी काही ह्यांचं कौतुक करणारी बायको नव्हे, विचारा कुणालाही.

"बसून तरी बघा एकदा," मी म्हटलं.

"पहिल्यांदा ती बसेल."

मग ह्यांनी गोणपाट घेतलं, मूठभर खिळे तोंडात टाकले आणि एका टोकापासून सुरुवात केली. एकेक खिळा बसत होता आणि लाल रंग थोडा थोडा जात होता. मी रडले. उगाच कशाला लपवू? हे रडले नाहीत, तोंडात खिळे होते.

शेवटचा खिळा मारून म्हणाले, "तिला सांगायचं नाहीस."

"का पण?"

"तिला वाटेल बाबा दुखावले. लग्नात तोंड पाडून बसेल. मला ती हसत बसलेली हवी."

मी शब्द दिला. माझ्या पोटात काही राहत नाही हे ह्यांना ठाऊक आहे, म्हणून तीनदा द्यायला लावला.

लग्नाचा दिवस उजाडला. हॉल काही फार मोठा नव्हता, पण खोटं कशाला बोलू, छान दिसत होता. पताका, पट्ट्या, बरण्यांत दिवे. सगळं ते मातकट सोनेरी, आणि मध्ये तो सोफा, साधाभोळा, गोणपाटातला. एका कार्ट्यानं टेबलावरचं ह्यांचं फूल ओढलंच. फूल नाही निघालं, टेबलावरची पट्टी आणि पट्टीवरच्या बरण्या त्याच्यामागून निघाल्या. जावयानं धावत जाऊन झेलल्या. हे लांबून मला खुणावत होते, बघ, सांगितलं होतं ना. आणि विहीणबाई त्यांच्याकडच्या लोकांना सांगत होत्या, "गोणपाट आहे. श्वास घेतं ते." जसं काही विहीणबाईंच्याच घरात शोध लागला. मी जाऊ दिलं. लग्नघरात किती भांडायचं?

लग्न लागलं आणि चिंगी सोफ्याकडे आली. अगदी गोड दिसत होती माझी लेक. आणि घाबरलेलीही, ओठ आत घेतले होते, घाबरली की घेते तसे. सगळे वळून तिच्याकडेच बघायला लागले. ती आणि जावई सोफ्यावर बसले. हे खांबाला टेकून उभे होते, आणि पोरीच्या तोंडाकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होते.

शेवटी सोफेवाल्याची पोर ती. तिनं बसल्या बसल्या तळहात टेकवला. दाबला. मग पुढं सरकवला, मग मागं. मखमलीवर ताणलेलं कापड एका बाजूला सहज सरकतं आणि उलट्या बाजूला अडतं. आल्यागेल्याला ते कळत नाही. आमच्या घरात पोटातून शिकून येतात.

तिचा हात थांबला. तिनं मान वर करून ह्यांना शोधलं. हे एकदम पताका मोजायला लागले.

मला वाटलं, आता रडते की काय, आता उठते की काय. पण ती उठली नाही. ओठ सुटले. हसली. आणि लोक भेटून जाईपर्यंत, फोटोवाला हात वर घ्या, हात वर घ्या म्हणून बोंबलत असताना, तिनं तो हात तिथून काढला नाही.

गर्दी जेवायला पांगली तेव्हा म्हणाली, "बाबा, इकडे या."

हे आले. शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधून.

"आत काय आहे?"

"स्प्रिंगा."

"त्यावर?"

"काथ्या."

"त्यावर?"

"कापूस."

"त्याच्यावर, बाबा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही हो सांगितलं, देवाशपथ.

"लाल आहे," हे म्हणाले.

चिंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मी म्हणाले विचित्र दिसेल. असं कसं म्हणाले मी? आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"दिसत नाहीये ना? मग झालं," हे म्हणाले. "तुला टोचत तर नाही?"

ती मानेनंच नाही म्हणाली. जावई, जो कधी आपणहून काही सुचवत नाही, तो म्हणाला, "वरचं काढू या का? आत्ता? मी कात्री आणतो." आणि निघालाही.

"नाही!" चिंगीनं त्याला थांबवलं. "कुणी हात लावायचा नाही." मग डोळे पुसून ह्यांच्याकडे वळली. "बाबा, हा सोफा आम्ही घरी नेणार. दिवाणखान्यात ठेवणार, कुणी काही म्हणो. आम्ही रोज ह्याच्यावर बसू. बसून बसून हे गोणपाट झिजेल, आणि आतली मखमल दिसायला लागेल. मग तुम्ही यायचं आणि तुमच्या हातानं वरचं काढायचं. दुसऱ्या कुणाला मी काढू देणार नाही."

आता इथं कुणीही बाप 'बरं' म्हणाला असता. पण हे कारागीर. ह्यांना तेवढ्यातही झोंबलं. "झिजेल? अगं, घट्ट विणीचं निवडून मारलंय मी ते. पंधरा-वीस वर्षं त्याला काही होत नाही."

"मग तेवढं जगायला लागेल तुम्हाला," चिंगी म्हणाली.

ह्यांचे हात सुटले. पुढं झाले आणि तिच्या शेजारी बसले, जावयाच्या जागेवर, त्या सोफ्यावर पहिल्यांदाच. आणि उरल्यासुरल्या पाहुण्यांसमोर रडायला लागले. जावई बिचारा उभाच. तिनं ह्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मी रुमाल दिला आणि म्हटलं, "अहो, ऐकलंत ना पोरगी काय म्हणतेय? हो म्हणा तिला."

"हो," म्हणाले.